क्रूस एकटीनं वाहायचा नसतो



आज आम्ही बोलणार आहोत ते घरातल्या दुखणाईताचं वर्षानुवर्षं करणाऱ्या बायकांविषयी. कुणाचा नवरा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलाय. कुणाची सासू विसरण्याच्या आजारानं घरच्या माणसांनाच ओळखेनाशी झालीय. कुणाचं लेकरू जन्मापासून दुसऱ्याच्या हातानं जेवतंय. आपण सहज म्हणतो, 'आईंचं सगळं तीच करते.' त्या 'सगळं' या एका शब्दात आंघोळ घालणं, कूस बदलणं, घास भरवणं, रात्री चारदा उठणं, ओली चादर बदलणं आणि पहाटे पुन्हा घरच्यांचा डबा करणं, एवढं सगळं येतं. बाळंतपण सव्वा महिन्यात आवरतं. हे दहा-दहा वर्षं चालतं.

आमच्या महिला मंडळाच्या बायका दर आठवड्याला घरभेटींना जातात. नगरकडच्या आमच्या मंडळ्यांत ही जुनी रीत आहे. अशा घरी गेलं की बसायला पाट मिळतो, चहा मिळतो, आणि निघताना कुणीतरी त्या घरच्या बाईला हमखास म्हणतं, 'देवानं दिलेला हा तुझा क्रूस आहे, बाई. तो तुलाच वाहायचाय.' बोलणारीचा हेतू चांगला असतो. ऐकणारी मान डोलावते. पण दार लागल्यावर ती आणखी एकटी पडते, कारण आता मदत मागणं म्हणजे क्रूस टाकून देणं, असं तिला वाटू लागतं. म्हणून आज आधी या वाक्याकडेच बघू या. पवित्र शास्त्र खरंच असं सांगतं का?

शिमोन कुरेनेकर

शास्त्रात शब्द आहे वधस्तंभ. बोलताना आपण क्रूस म्हणतो. प्रभू येशूनं आपल्या शिष्यांना रोज आपापला वधस्तंभ उचलून मागे यायला सांगितलं, हे लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. पण ते बोलणं शिष्य होण्याची किंमत मोजण्याविषयी आहे. घरात आजार आला म्हणजे देवानं तो नेमून पाठवला आणि एकाच बाईच्या खांद्यावर ठेवला, असा अर्थ त्यात नाही.

आता खुद्द येशूचा वधस्तंभ बघा. फटके खाऊन, रात्रभर जागून तो थकला होता. तेव्हा शिपायांनी रस्त्यानं येणारा एक माणूस धरला आणि ते लाकूड त्याला वाहायला लावलं. तो शिमोन कुरेनेकर, आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, शेताकडून गावात येत होता. मार्क, मत्तय आणि लूक या तिघांनीही ही गोष्ट लिहून ठेवलीय. कॅथलिक भगिनी प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट चालतात, तिच्या चौदा स्थानांपैकी पाचवं स्थान या शिमोनचंच आहे.

म्हणजे मैत्रिणींनो, देवाच्या पुत्राचाही क्रूस दुसऱ्या माणसानं उचलला. मग आपल्यातल्या एखाद्या सुनेनं किंवा आईनं तो शेवटपर्यंत एकटीनं वाहावा, हा आग्रह कुणी कशासाठी धरायचा?

पौलानं गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एक गंमत आहे. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा. पाचव्या वचनात म्हणतो की ज्यानं त्यानं आपला भार वाहावा. ऐकणाऱ्याला वाटतं, हे उलटसुलट झालं. मूळ ग्रीकमध्ये मात्र तिथं दोन वेगळे शब्द आहेत. पहिला शब्द माणूस दबून जाईल अशा जड ओझ्याचा आहे, दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या भाराचा. आपली शिदोरी आपण न्यायची. पण धान्याचं पोतं दोघांनी धरायचं. आईंवर माया करणं हे सुनेच्या शिदोरीत येईल. आईंना रोज उचलून संडासला नेणं हे पोतं आहे.

एलीया आणि गरम भाकर

आता थकव्याविषयी. किती तरी बायका म्हणतात, 'माझा विश्वासच कमी पडतो, म्हणून मी दमते.' त्यांच्यासाठी पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आहे.

एलीया मोठा संदेष्टा. पण एक दिवस तो जिवाला भिऊन पळाला. बैरशेब्याला आल्यावर त्यानं आपल्या गड्यालाही मागे ठेवलं आणि एकटाच रानात दिवसभराची वाट चालून गेला. एका झुडपाखाली बसून त्यानं देवाजवळ मरण मागितलं आणि तिथंच झोपी गेला.

देवानं काय केलं? रागावला नाही, विश्वासावर व्याख्यान दिलं नाही. दूत पाठवला. दूतानं हात लावून उठवलं आणि जेवायला सांगितलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवायला घातलं, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे त्यानंच बोलून दाखवलं. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप. हे झाल्यावर मग पुढचं बोलणं. होरेबच्या डोंगरावर एलीया म्हणाला की मी एकटाच उरलोय, तेव्हा देवानं सांगितलं की तुझ्यासारखे अजून सात हजार आहेत. आणि मदतीला अलीशा दिला.

त्यामुळे दुपारी दुखणाईताचा डोळा लागला की तुम्हीही अर्धा तास आडव्या व्हा. भांडी घासायची राहिली तरी चालेल. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं उभ्यानं खाऊ नका, ताट वाढून बसा. आपल्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या दुखणाईताच्या गोळ्यांशेजारीच ठेवा, म्हणजे त्याची वेळ झाली की आपलीही आठवण होईल. ज्याला कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. हे एकटीनं ओढून करू नका. अंगाखाली आडवी घडी घातलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. कंबर गेली तर दोघंही अंथरुणावर पडाल.

आणि एलीयासारखंच कुणाच्या मनात येत असेल की 'हे जगणंच नको', तर ते पाप म्हणून दडपून ठेवू नका. आपल्या माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची मोफत फोनसेवा आहे. 14416 हा तिचा नंबर, तिथं मराठीत बोलता येतं.

राग येतो, त्याचं काय?

राग येतो. सासू दहाव्यांदा विचारते, 'मला जेवायला दिलंस का?' आणि ताट तर आताच उचललेलं असतं. तोंडातून कडक शब्द जातो. कधी हातही उगारला जातो. मग रात्रभर मन खात राहतं. ही गोष्ट बायका प्रार्थनासभेत सांगत नाहीत, मोरीत एकट्या रडतात.

राग वर आला की दुखणाईत पलंगावरून पडणार नाही एवढं बघा आणि खोलीबाहेर या. तोंडावर पाणी मारा, शेजारणीला हाक मारा. असं वरचेवर होऊ लागलं तर ती आता एकटीनं निभण्यापलीकडे गेल्याची खूण आहे. कुणाला तरी त्याच आठवड्यात मदतीला बोलवा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

देवाजवळ तर सगळं बोलता येतं. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून बघा. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात राहिलं. नामीची गोष्ट आठवा. नवरा गेला, दोन मुलगे गेले, तेव्हा गावच्या बायकांना तिनं सांगितलं की मला आता मारा म्हणा, म्हणजे कडू. तिला कुणी गप्प केलं नाही. आणि रूथ तिच्याजवळ राहिली.

प्रार्थनेला वेळ होत नाही म्हणूनही काहींना टोचणी लागते. तासभर गुडघे टेकणं तुमच्या दिवसात बसत नसेल. पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हाची त्याची प्रार्थना दोन-तीन शब्दांची होती, आणि प्रभूनं लगेच हात दिला. तुमच्या हातात ओलं फडकं असताना केलेली तेवढीच प्रार्थना पुरते. तेवढेही शब्द सुचत नसतील तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की आत्मा आपल्यासाठी कण्हून विनंती करतो.

कुणाचं पाप?

दुसरा घाव शेजारपाजारचे घालतात. 'घरात काहीतरी झालं असेल, म्हणून पोर असं निपजलं.' किंवा, 'विश्वासानं प्रार्थना केली असती तर एव्हाना उठून बसले असते.' योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडे बघून हाच प्रश्न विचारला होता: पाप कुणाचं, त्याचं की आईबापाचं? येशूनं दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. विशेष मुलाच्या आईनं हा अध्याय मनात पक्का धरावा.

बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी. पण पौलानंही आपल्या अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. त्याच्याबरोबर पुरेल एवढी कृपा मिळाली. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. त्यामुळे प्रार्थना चालू आहे म्हणून फिटच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या कुणीही बंद करायला सांगितल्या, तर ऐकू नका.

विसरण्याच्या आजाराविषयी एक शब्द. कॅथलिक पवित्र शास्त्रात सिराक नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मुलाला सांगितलंय की म्हातारपणी बापाची बुद्धी कमी झाली तरी त्याला सांभाळून घे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरांतही हे दुःख होतं. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. 'मला माहेरी जायचंय' असं ऐंशी वर्षांची आजी म्हणाली तर 'तुमचे आईबाप केव्हाच गेले' असं तोडून सांगू नका. 'माहेरी कोणकोण होतं हो?' असं विचारा. आणि गाणी म्हणा. नावं विसरलेल्या माणसालाही लहानपणापासूनची गाणी पुष्कळदा आठवतात. 'उपासना संगीत'मधली तिची आवडती भजनं संध्याकाळी हळू आवाजात लावली तर कधी कधी तीही ओळीत ओळ मिसळते. तेवढा वेळ तिला बरं वाटतं आणि तुम्हालाही.

दुसऱ्याच्या हाती देणं

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिचा शेवट मात्र आपण घाईनं वाचतो. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून जखमीला उतारशाळेत नेलं, रात्रभर त्याच्याजवळ राहिला. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले, पुढचं बघायला सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेनं गेला. एक दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. पैसे देऊन दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून येशूनं त्याला कमी लेखलं नाही, उलट त्याचाच कित्ता गिरवायला सांगितलं.

तेव्हा दिवसातले चार तास बाई ठेवली, किंवा आठवडाभर दुखणाईताला संस्थेत ठेवलं, तर 'टाकून दिलं' असं कुणी म्हणू नये. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झालं, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना तिथं सिस्टर सांभाळतात. गोव्यातही त्यांचं सदन आहे. आपल्या जवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. त्यात विधवा आणि अनाथ मुलींबरोबर अंध आणि म्हाताऱ्या बायकांनाही जागा होती. एका घरानं एकट्यानं सोसायचं ते पुष्कळांनी मिळून सांभाळायचं, ही ख्रिस्ती रीत आपल्याच मातीत रुजलेली आहे.

उत्तम शुक्रवारी आपल्या मंडळ्यांत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. तिसरा उद्गार आईविषयीचा. प्राण जात असताना येशूनं मरियेला आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली केलं, आणि त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. तो शिष्य पुरुष होता. आईबापांचं करणं हे फक्त सुनेचं काम आहे, असं त्यात कुठंच नाही. देवाला अर्पण केलं, असं सांगून आईबापांची सोय टाळणाऱ्या मुलांना तर येशूनं मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच खडसावलंय.

घरात हे बोलायचं कसं? भांडण नको, आणि मोघमही नको. 'माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही' असं म्हटलं की तो विषय रुसव्याफुगव्यावर जातो. त्याऐवजी असं म्हणता येईल: 'भावोजी, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी तुम्ही मुक्कामी या. आईंच्या औषधांच्या वेळा मी कागदावर लिहून ठेवते. मी दोन दिवस माहेरी जाऊन येते.' किंवा, 'वन्सं, दुपारच्या बाईचा निम्मा पगार तुम्ही पाठवाल का?' वार, वेळ, रक्कम ठरवून मागितलं की समोरच्यालाही देणं सोपं जातं. भावंडांत एकमत होतच नसेल तर पाळकसाहेबांना किंवा फादरांना घरी बोलावून सगळ्यांसमोर वाटणी करून घ्या. शेतीची वाटणी होते, तशी सेवेचीही होऊ द्या. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी सरकारची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. आईबापांच्या पोटगीसाठी 2007चा कायदाही आहे, त्याची माहिती तिथं मिळते.

मंडळीनं काय करावं

आता जरा आमच्यासारख्या भेटीला जाणाऱ्यांविषयी. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा आणून दिला आणि दोन बाजूंनी दोघांनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. 'मोशे, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो' असं म्हणून ते घरी गेले नाहीत.

म्हणून 'काही लागलं तर सांग हं' हे वाक्य सोडून द्या. थकलेल्या बाईला काय लागतं ते सांगायचंही त्राण नसतं. त्याऐवजी म्हणा, 'मंगळवारी तीन ते पाच मी आईंजवळ बसते. तू झोप, नाहीतर बाजारात जाऊन ये.' चार बायकांनी चार मंगळवार वाटून घेतले तर एका घराला दर आठवड्याला दोन तास मिळतात. रविवारी एकीनं दुखणाईताजवळ बसावं, म्हणजे त्या घरच्या बाईला कित्येक महिन्यांनी उपासनेला येता येईल. तरुण संघातल्या मुलांनी रिक्षा आणून दवाखान्यात न्यावं, उचलायला दोन हात द्यावेत. पाळकांनी प्रभुभोजन घरी न्यावं, आणि ते फक्त दुखणाईताला न देता करणारीलाही द्यावं. स्वयंपाक करून नेणार असाल तर डबा परत धुऊन मागू नका. कॅथलिक मंडळीत 11 फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन पाळतात. त्या दिवशी रुग्णांसाठी प्रार्थना होते. त्यात त्यांचं करणाऱ्यांचंही नाव घ्यावं.

आणि दुखणाईत गेल्यावर जाणं बंद करू नका. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी दिवस आखलेला असतो तो पलंग रिकामा झाला की त्या बाईला काय करावं सुचत नाही. 'सुटले एकदाचे' असं मनात येतं, आणि तेच मनात आलं म्हणून अपराधी वाटतं. सुटल्यासारखं वाटणं म्हणजे माया नव्हती, असं नाही. फार दिवसांचं ओझं उतरल्यावर खांदा हलका लागतोच. तिसरा आणि दहावा दिवस झाला, पाहुणे गेले, की खरी गरज तेव्हा लागते. त्या मंगळवारी तुम्ही नेहमीच्या वेळेला तिच्याकडे जा. बसायला आता दुखणाईत नाही, तीच आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जी आज कुणाचं करते आहे, तिला आमचं एवढंच सांगणं आहे: या आठवड्यात एका माणसाकडे एक ठरावीक मदत मागा. आणि जिच्या घरी सगळे धडधाकट आहेत, तिनं आपल्या गल्लीतलं असं एक घर ठरवून आपला वार आणि वेळ तिथं सांगून यावं.

प्रभू तुम्हाला बळ देवो, आणि झोपही देवो. सलाम.